दुचाकीचा कार्ब्युरेटर चारचाकीत: घरी बांधलेल्या मोटारीचे मिश्रण कसे जुळवावे

या पाठाची उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी सांगता येतील:

- कार्ब्युरेटर पेट्रोलचे प्रमाण कशावरून ठरवतो
- दुचाकीवर नीट चालणारा कार्ब्युरेटर चारचाकीत का बिघडल्यासारखा वागतो
- उंची, तापमान आणि इथेनॉल यांचा मिश्रणावर किती परिणाम होतो, हे आकड्यांत कसे काढावे
- ट्यूनिंगची कामे कोणत्या क्रमाने करावीत आणि तो क्रम का पाळावा

१. प्रस्तावना

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावच्या एका लोहारकाम करणाऱ्या कारागिराने भंगारातले भाग जमवून, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी जीप तयार केली. डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत देशभर पाहिली गेली. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिचे कौतुक केले. पण ही गाडी नियमांत बसत नसल्यामुळे आज ना उद्या तिला रस्त्यावर अडवले जाईल, हेही सांगितले आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती बोलेरो त्या कुटुंबाला मिळाली.

स्वतः मोटार घडवण्याची ही हौस महाराष्ट्राला नवी नाही. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी ‘मीरा’ या छोट्या मोटारीसाठी अनेक वर्षे खर्च केली. इंग्लंडमध्ये १९५७ साली आलेल्या ‘लोटस सेव्हन’पासून सुटे भाग विकत घेऊन घरी मोटार जोडण्याची चाल रूढ झाली. तिथले हौशी लोक दुचाकीचे चार कार्ब्युरेटर मोटारीच्या इंजिनावर बसवतात, किंवा दुचाकीचे अख्खे इंजिनच मोटारीत घालतात. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे निकष लागू झाले आणि नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्यामुळे जुने कार्ब्युरेटर भंगारबाजारात स्वस्तात मिळतात आणि महाविद्यालयीन प्रकल्पांत वापरले जातात.

अशा प्रकल्पांत एक तक्रार हमखास ऐकू येते: “दुचाकीवर मस्त चालत होता, गाडीत बसवल्यावर मिसिंग सुरू झालं.” मग जेट बदलण्याचा सपाटा सुरू होतो. या पाठाचा मुख्य मुद्दा असा की बहुतेक वेळा दोष जेटमध्ये नसतो. कार्ब्युरेटर पेट्रोल मोजत नाही आणि हवाही मोजत नाही. तो फक्त दाबातील फरकाला प्रतिसाद देतो. गाडी बदलली की हा फरक बदलतो. म्हणून आधी दाब तपासायचा आणि जेटला हात सर्वांत शेवटी लावायचा.

२. कार्ब्युरेटरला काय ‘कळते’?

कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते. वेग वाढला की दाब कमी होतो, हा बर्नोलीचा सिद्धान्त तुम्ही पदार्थविज्ञानात शिकला आहात. खालच्या फ्लोट बाऊलमधील पेट्रोलवर मात्र बाहेरच्या हवेचा दाब असतो. या दोन दाबांमधील फरक पेट्रोलला जेटमधून वर ढकलतो. या फरकाला आपण या पाठात ‘संकेत’ म्हणू.

संकेत किती असतो, याचा अंदाज काढू. समजा, ३५० घन सेंटिमीटरचे एका सिलिंडरचे चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ५००० फेरे घेत आहे आणि कार्ब्युरेटरचा गळा २४ मिमी व्यासाचा आहे. चार-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदाच हवा ओढते. सिलिंडर ८० टक्के भरतो असे धरले, तर सेकंदाला सुमारे ०.०११७ घनमीटर हवा लागते. गळ्याचे क्षेत्रफळ ०.०००४५ चौरस मीटर आहे. म्हणजे हवेचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे २६ मीटर येतो. पण इंजिन एकूण वेळेच्या साधारण पाव भागातच हवा ओढते, म्हणून त्या वेळचा वेग सुमारे चौपट, म्हणजे १०० मीटरच्या आसपास असतो.

संकेत = ½ × हवेची घनता × वेगाचा वर्ग = ½ × १.१९ × १०० × १०० = सुमारे ६००० पास्कल

वातावरणाचा दाब सुमारे १,००,००० पास्कल असतो. म्हणजे पूर्ण थ्रॉटलवरसुद्धा सगळा कारभार वातावरणीय दाबाच्या सहा टक्क्यांवर चालतो. काहीशे पास्कलची गडबडही मिश्रण बिघडवू शकते ती यामुळेच.

पेट्रोल जास्त असलेल्या मिश्रणाला रिच आणि कमी असलेल्या मिश्रणाला लीन म्हणतात. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी एका किलोला १४.७ किलो हवा लागते. प्रत्यक्ष हवा-इंधन प्रमाणाला या आदर्श प्रमाणाने भागले की लॅम्डा मिळतो. पूर्ण ताकदीसाठी लॅम्डा साधारण ०.८५ ते ०.९ ठेवतात. रिच मिश्रणाने पेट्रोल वाया जाते, प्लग काळा पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. लीन मिश्रण मात्र भाराखाली इंजिन तापवते आणि पिस्टनला भोक पाडू शकते. पहिली चूक महाग पडते, दुसरी इंजिन संपवते.

३. कोणत्या थ्रॉटलवर कोणता भाग?

सरकत्या स्लाइडच्या कार्ब्युरेटरमध्ये कामाची वाटणी ढोबळमानाने अशी असते:

- बंद ते एक-अष्टमांश थ्रॉटल: पायलट जेट आणि मिश्रणाचा स्क्रू
- एक-अष्टमांश ते पाव: स्लाइडच्या खालच्या कडेचा तिरका काप
- पाव ते पाऊण: सुईची जाडी, निमुळतेपणा आणि क्लिपची जागा
- पाऊण ते पूर्ण: मेन जेट

या सीमा काटेकोर नसतात. शेजारचे भाग एकमेकांत मिसळतात. तरी तक्रार कोणत्या थ्रॉटलवर येते, हे आधी पाहावे. आयडलवर इंजिन अडखळत असेल तर मेन जेट बदलून काही होणार नाही.

मिश्रणाच्या स्क्रूबाबत विद्यार्थ्यांचा नेहमी गोंधळ होतो. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल, तर तो बहुधा हवा नियंत्रित करतो. आत पिळला की मिश्रण रिच होते. तो इंजिनाच्या बाजूला असेल, तर बहुधा पेट्रोल नियंत्रित करतो. आत पिळला की मिश्रण लीन होते.

अनेक दुचाकींवर निर्वात-नियंत्रित स्लाइडचा कार्ब्युरेटर असतो. त्यात ॲक्सिलरेटरची तार फक्त एक झडप उघडते. स्लाइड किती वर जायची, हे रबरी पडद्याच्या दोन बाजूंच्या दाबातील फरकावर ठरते. म्हणजे इथे संकेतावर दुहेरी भिस्त असते. मूळ एअरबॉक्स काढून उघडे फिल्टर लावले, तर तोंडाशी हवा घुसळते, दाब अस्थिर होतो आणि स्लाइड थरथरते.

४. गाडी बदलली की काय बदलते?

*वळण.* दुचाकी वळणावर कलते. त्या वेळी गुरुत्व आणि वळणाचा जोर यांची बेरीज गाडीच्या उभ्या पातळीतच राहते. म्हणून बाऊलमधील पेट्रोल, बाऊलच्या दृष्टीने, सपाटच राहते. चारचाकी कलत नाही. ती ०.८ जी इतक्या जोराने वळली, तर पेट्रोलचा पृष्ठभाग सुमारे ३९ अंश तिरपा होतो. जेट बाऊलच्या मध्यापासून १० मिमी बाजूला असेल, तर तिथली पातळी सुमारे ८ मिमी वर किंवा खाली जाते. फ्लोटची पातळी आपण एक मिलिमीटरच्या काट्याने लावतो, हे लक्षात घेतले की ८ मिमी म्हणजे किती, ते कळते. परिणामी डाव्या वळणावर इंजिन गुदमरते आणि उजव्या वळणावर भुकेले होते. जेट बदलून हा दोष जात नाही. कार्ब्युरेटर कोणत्या दिशेने बसवला आहे, हे पाहावे लागते. दुचाकीचे इंजिन ९० अंश फिरवून बसवले असेल, तर ब्रेकचा जोर आता बाऊलच्या आडव्या दिशेने लागतो, हेही ध्यानात ठेवावे.

*पेट्रोलचा दाब.* दुचाकीत टाकी वर आणि कार्ब्युरेटर खाली असतो. ४० सेंटिमीटर उंचीच्या पेट्रोलचा दाब सुमारे २९०० पास्कल, म्हणजे ०.०३ बार भरतो. बाऊलचा नीडल व्हॉल्व्ह एवढ्याच दाबासाठी घडवलेला असतो. चारचाकीत टाकी खाली असते, म्हणून पंप लागतो. इंजेक्शनच्या गाडीचा पंप सुमारे ३ बार दाब देतो, म्हणजे जवळजवळ शंभरपट. तो लावला तर व्हॉल्व्ह उघडाच राहील, पेट्रोल बाहेर सांडेल आणि गरम सायलेन्सरच्या पाइपवर पडून आग लागू शकते. इथे कार्ब्युरेटरसाठीचा कमी दाबाचा पंप, दाब नियंत्रक आणि धडक बसताच पंप बंद करणारा स्विच हवा.

*व्हेंट नळी.* बाऊलमध्ये हवेचा दाब व्हेंट नळीतून पोहोचतो. कार्ब्युरेटरचे तोंड आणि व्हेंट या दोघांना एकच दाब मिळाला पाहिजे. हवा पकडणारा स्कूप लावला, तर ताशी १०० किमी वेगाला तोंडाशी सुमारे ४६० पास्कल दाब वाढू शकतो. व्हेंट मात्र बोनेटखाली शांत हवेत राहिली, तर तेवढा संकेत कमी होतो आणि वेग वाढेल तसे मिश्रण लीन होत जाते. दोन्ही एकाच एअरबॉक्समध्ये घेतले की हा प्रश्न मिटतो.

*भार.* चालकासह दोनशे-सव्वादोनशे किलोची दुचाकी ओढणारे इंजिन आता पाचशे किलो ओढते. ते जास्त वेळ मोठ्या थ्रॉटलवर राहते. दुचाकीवर क्वचित कामाला येणारा मेन जेट इथे रोजचा होतो. शिवाय हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला बोनेटखाली वारा मिळत नाही. म्हणून इथे लीन मिश्रणाचा धोका दुप्पट समजावा.

५. हवा बदलली की काय बदलते? सेक्टर ३४ ते शिमला

आता एक उदाहरण सोडवू. चंडीगडच्या सेक्टर ३४ मध्ये जुळवलेली गाडी शिमल्याला न्यायची आहे. चंडीगड समुद्रसपाटीपासून सुमारे ३२० मीटर उंच आहे आणि शिमला सुमारे २२०० मीटर. प्रमाण वातावरणात या उंचींवर हवेची घनता अनुक्रमे १.१९ आणि ०.९९ किलो प्रति घनमीटर असते. गुणोत्तर ०.८३ आहे.

इंजिन दर फेरीला तेवढ्याच आकारमानाची हवा ओढते, म्हणून हवेचे वस्तुमान ०.८३ पट होते. संकेतही ०.८३ पट होतो. पण जेटमधून येणारे पेट्रोल संकेताच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते, म्हणून ते ०.९१ पट होते. हवा १७ टक्क्यांनी घटली, पेट्रोल मात्र ९ टक्क्यांनीच. मिश्रण ०.९१ ÷ ०.८३, म्हणजे सुमारे १.१० पट रिच झाले. घाटात गाडी काळा धूर सोडते आणि पिकअप देत नाही, त्याचे कारण हेच. दुरुस्तीसाठी जेटच्या भोकाचे क्षेत्रफळ सुमारे ९ टक्के कमी हवे. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर अवलंबून असते, म्हणून व्यास सुमारे साडेचार टक्के कमी करावा लागेल, १.०० मिमीच्या जागी साधारण ०.९५ मिमी.

तापमानाचेही असेच आहे. चंडीगडला जानेवारीच्या पहाटे पारा ५ अंशांवर येतो, मे-जूनच्या दुपारी ४० च्या वर जातो. केल्व्हिनमध्ये मोजले तर हिवाळ्यातली हवा सुमारे १३ टक्के दाट असते आणि मिश्रण सुमारे ६ टक्के लीन होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत काठावर जुळवलेली गाडी जानेवारीत धोक्यात येते.

तिसरा बदल पेट्रोलचा. आता पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलच्या एका किलोला जळायला सुमारे ९ किलोच हवा लागते; म्हणून या मिश्र इंधनाचे आदर्श प्रमाण १४.७ वरून सुमारे १३.५ वर येते. शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेला जुना जेट या इंधनावर सुमारे ८ टक्के लीन चालतो. जुने रबरी वॉशर आणि नळ्या इथेनॉलने फुगतात किंवा तडकतात, त्यामुळे त्याही बदलाव्या लागतात.

आता हे दोन बदल एकत्र पाहा. शुद्ध पेट्रोलवर चंडीगडला बरोबर जुळलेली गाडी इथेनॉल-मिश्रित पेट्रोल भरून शिमल्याला नेली, तर उंचीचा रिचपणा आणि इथेनॉलचा लीनपणा जवळजवळ एकमेकांना खाऊन टाकतात. गाडी वर छान चालते. खाली परतून महामार्गावर पूर्ण थ्रॉटल दिल्यावर मात्र ती ८ टक्के लीन असते. “डोंगरात एवढी चांगली चालली, मग सपाटीवर पिस्टन कसा गेला?” याचे उत्तर या हिशेबात आहे.

६. ट्यूनिंगचा क्रम

काम मोकळ्या हवेत करावे. बंद गॅरेजमध्ये कार्बन मोनॉक्साइड जीव घेऊ शकतो. अग्निशामक हाताशी ठेवावा. एका वेळी एकच बदल करावा आणि तारीख, तापमान, जेटचे क्रमांक व निकाल वहीत लिहावा.

१. इंजिन स्वतः ठीक आहे ना, हे पाहा. टॅपेट क्लिअरन्स, इग्निशन टायमिंग आणि कॉम्प्रेशन चुकीचे असेल, तर कार्ब्युरेटरला दोष देण्यात अर्थ नाही.

२. पेट्रोलचा दाब मोजा आणि मूळ दुचाकीच्या जवळपास आणा.

३. फ्लोटची पातळी तपासा. बाऊलच्या ड्रेनला पारदर्शक नळी जोडून ती वर धरली, की आतली पातळी बाहेर दिसते. चार कार्ब्युरेटर असतील, तर चारींची पातळी सारखी हवी. तपासणी झाली की ती नळी काढून टाका.

४. हवेची गळती शोधा. इंजिन आयडलवर ठेवून इनटेकच्या रबरी जोडावर पाण्याचा हलका फवारा मारा. फेरे बदलले, तर तिथून हवा शिरते आहे. यासाठी पेट्रोल किंवा इतर ज्वालाग्राही द्रव वापरू नये.

५. एकापेक्षा जास्त कार्ब्युरेटर असतील, तर प्रत्येकाच्या इनटेकला दाबमापक जोडून सर्वांचा निर्वात सारखा करा. एक सिलिंडर ओढतो आणि दुसरा ओझे होतो, अशा अवस्थेत पुढची कोणतीही जुळणी खोटी ठरते.

६. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर आयडल आणि मिश्रणाचा स्क्रू लावा.

७. मग मेन जेट. सुरुवात मुद्दाम मोठ्या जेटने करा आणि एकेक पायरी खाली या. रिचकडून लीनकडे येणे सुरक्षित असते, उलटा प्रवास नव्हे. लॅम्डा दाखवणारा मीटर असेल तर उत्तम. नसेल, तर पूर्ण थ्रॉटलवर काही वेळ चालवून तिथेच इंजिन बंद करा आणि प्लग काढून रंग पाहा. ही चाचणी डायनोवर किंवा बंदिस्त ट्रॅकवरच करावी.

८. मेन जेट ठरल्यावर सुईची क्लिप. क्लिप वरच्या खाचेत नेली की सुई खाली जाते आणि मिश्रण लीन होते. खालच्या खाचेत नेली की रिच होते.

९. शेवटी पायलटची जुळणी पुन्हा एकदा तपासा.

जेटच्या क्रमांकाबाबत एक सावधगिरी बाळगा. काही जेटांवरचा आकडा भोकाचा व्यास सांगतो, तर काहींवरचा त्यातून वाहणारे प्रमाण. दोन वेगळ्या बनावटींचे ‘१००’ सारखे नसतात. तारेने किंवा ड्रिलने भोक मोठे केलेल्या जेटचा आकडा तर काहीच सांगत नाही.

७. कायदा आणि योग्य जागा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या नोंदणीतील तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. काही ठरावीक बदल परवानगीने होतात. घरी बांधलेल्या गाडीला निर्मात्याचा मूळ दाखलाच नसतो. देवराष्ट्र्याच्या जीपपुढे हीच अडचण होती. म्हणून असा प्रकल्प रस्त्यासाठी नसून शिकण्यासाठी आहे, हे सुरुवातीलाच ठरवावे.

विद्यार्थ्यांसाठी रीतसर मार्गही आहेत. ‘फॉर्म्युला भारत’, ‘सुप्रा’ आणि ‘बाहा’ यांसारख्या स्पर्धांत महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांचे संघ उतरतात. फॉर्म्युला स्टुडंटच्या पेट्रोल गाड्यांत इंजिनाची सर्व हवा २० मिमी व्यासाच्या एकाच मार्गातून यावी लागते. तिथे बहुतेक संघ इंजेक्शन वापरतात. पण प्रश्न तोच राहतो: किती हवा आली आणि तिला किती इंधन द्यायचे? इंजेक्शनमध्ये सेन्सर आणि संगणक हे मोजतात. कार्ब्युरेटरमध्ये ते भान माणसाला ठेवावे लागते.

८. सारांश

कार्ब्युरेटर दाबातील फरकावर चालतो आणि हा फरक फार छोटा असतो. दुचाकीतून चारचाकीत येताना वळणाचा जोर, पेट्रोलचा दाब, व्हेंटची जागा आणि भार हे चारही बदलतात. उंची, तापमान आणि इथेनॉल प्रत्येकी ६ ते १० टक्क्यांचा फरक पाडतात; ते कधी एकमेकांत भर घालतात, तर कधी एकमेकांना झाकतात. म्हणून आधी हिशेब, मग तपासणी आणि शेवटी जेट.

९. स्वाध्याय

१. हवेची घनता १० टक्क्यांनी घटली, तर मिश्रण किती टक्के रिच होईल? मेन जेटचा व्यास किती टक्के कमी करावा लागेल?

२. गाडी ०.५ जी इतक्या जोराने वळते. बाऊलमधील पेट्रोल किती अंश तिरपे होईल? मध्यापासून १२ मिमी दूर असलेल्या जेटपाशी पातळी किती बदलेल?

३. एका संघाची गाडी फक्त उजव्या वळणावर मिसिंग करते, सरळ रस्त्यावर नाही. मेन जेट बदलण्याआधी कोणत्या तीन गोष्टी तपासाव्यात? कारणे द्या.

४. तुमच्या गावाची उंची आणि तेथील हिवाळा-उन्हाळ्याचे तापमान शोधा. पाठातील रीतीने वर्षभरात मिश्रणात किती फरक पडेल ते काढा आणि जुळणी कोणत्या ऋतूत करणे इंजिनासाठी सुरक्षित आहे ते ठरवा.